चतकोर तुकड्याचे गुंठे कसे काढावेत?



लागणीची नोंद देताना चौकोनी रानाची अडचण कुणाला येत नाही. लांबी-रुंदी फुटांत मोजली, गुणाकाराला १०८९ ने भागले, की गुंठे मिळाले. घोळ होतो तो कोपऱ्यात. दोन बांध काटकोनात मिळालेले आणि समोरून पाटाचे वळण गेलेले, असा भाकरीच्या चतकोरासारखा तुकडा पुष्कळांच्या रानात असतो. शाळेच्या पुस्तकात त्याला वर्तुळपाकळी म्हणतात. कुणी तो पुरा चौकोन धरतो, कुणी टोकापासून टोकाला सरळ दोरी लावून त्रिकोण करतो. दोन्ही हिशेब चुकतात.

समजा, दोन्ही बांध १०५ फूट आहेत आणि वळणाची कड १६५ फूट भरली. बांधाची लांबी आणि वळणाची लांबी यांचा गुणाकार करा व त्याचे निम्मे घ्या. १०५ गुणिले १६५ म्हणजे १७,३२५. निम्मे ८,६६२.५ चौरस फूट, म्हणजे जवळजवळ ८ गुंठे. चौकोन धरणाऱ्याचे १० गुंठे होतात, त्रिकोणवाल्याचे ५. एकरी ४० टन धरले तर गुंठ्याला एक टन पडतो. तेव्हा त्रिकोणवाल्याचा ३ टन ऊस नोंदीबाहेर राहिला. चौकोनवाल्याने २ टन नसलेला ऊस लिहून दिला, शिवाय बेणे आणि खत २ गुंठ्यांचे जादा आणले, ते वेगळेच!

निम्मे का घ्यायचे? बांधांच्या कोपऱ्यापासून वळणापर्यंत तुकड्याच्या अगदी बारीक चिरा पाडल्या अशी कल्पना करा. प्रत्येक चीर हा निमुळता त्रिकोण. सगळ्यांची उंची बांधाएवढी, आणि सगळ्यांचे पाये जोडले की वळणाची लांबी. त्रिकोणाचे क्षेत्र पाया गुणिले उंचीच्या निम्मे, हे तर पाठच आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त परिघाला व्यासाच्या चौथ्या भागाने गुणायला सांगितले, ते पुऱ्या वर्तुळासाठी हेच गणित.

वळण मोजताना टेप हवेत ताणू नका, तो आतून आडवा जातो. दर दहा फुटांवर खुंटी ठोकून कडेकडेने मोजा. ऊस वाढल्यामुळे कडेला जाता येत नसेल तर काटकोनी तुकड्याला बांधाचा वर्ग करून ११ ने गुणा व १४ ने भागा. उत्तर तेच येते, करून पाहा.

मात्र आधी एक खात्री हवी. कोपऱ्यापासून वळणाच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी अंतर सारखे भरले पाहिजे. ओढ्याची कड बहुधा तशी नसते. तिथे कोपऱ्यापासून कडेपर्यंत चार-पाच दोऱ्या टाकून त्रिकोण पाडा, एकेक मोजा आणि बेरीज नोंदीला द्या.