मैदान, श्वास आणि साथ

साथीच्या दिवसांत महाविद्यालयीन मुलामुलींनी मैदानावर जावे की जाऊ नये, हा प्रश्न आज कोणी विचारीत नाही. मुखपट्ट्या कपाटात गेल्या, मैदाने पुन्हा गजबजली. कोविडविषयीची आंतरराष्ट्रीय आणीबाणी जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी उठविली. मग हा विषय आता कशाला, असे श्रोत्यांना वाटणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर असे की, तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मुंबईने १९१८ साली इन्फ्लुएंझाची भयंकर साथ पाहिली. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूमुळे पुण्यामुंबईच्या शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. २०२० साली करोना आला. श्वासावाटे पसरणारा विषाणू पुन्हा येणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. तो येईल तेव्हा आपली मुले काय करतील, याचा विचार शांतपणे करावयाचा तर तो आजच करता येईल.

आपल्या नव्या मुंबईतच घडलेल्या एका प्रसंगापासून आरंभ करू. २०२२ च्या जानेवारीत आशियाई महिला फुटबॉल स्पर्धा महाराष्ट्रात भरली होती. मुंबई, पुणे आणि नेरूळचे डी. वाय. पाटील क्रीडांगण ही तिची ठिकाणे. यजमानपद भारताकडे होते आणि पुढच्या वर्षीच्या विश्वचषकाचा रस्ता याच स्पर्धेतून जात होता. २० जानेवारीला नेरूळ येथे आपल्या मुलींनी इराणशी गोलशून्य बरोबरी केली. २३ जानेवारीच्या रविवारी चिनी तैपेईशी गाठ होती. परंतु संघात विषाणूचा शिरकाव झाला आणि पाहता पाहता इतक्या मुली बाधित निघाल्या की, नियमाप्रमाणे लागणारी किमान तेरा खेळाडूंची यादीही देता येईना. सामना झाला नाही. भारताने स्पर्धेतून माघार घेतली असे धरले गेले आणि इराणशी झालेला सामनाही हिशेबातून वजा झाला. ६ फेब्रुवारीला त्याच मैदानावर चीनने कोरियावर ३-२ अशी मात करून अजिंक्यपद मिळविले, तेव्हा यजमान मुली घरी बसल्या होत्या.

संसर्ग कोठून आला यावर पुढे वाद झाला. त्यात आम्ही शिरत नाही. आम्हांला त्या प्रसंगातून एवढेच घ्यावयाचे आहे की, वर्षानुवर्षांचे कष्ट मातीला मिळाले आणि तेही मैदानावरील पराभवाने नव्हे. तपासण्या होत होत्या, संघ इतर जगापासून वेगळा ठेवलेला होता, पैसा आणि वैद्य दोन्ही हाताशी होते. तरीही असे झाले. मग ज्या महाविद्यालयाच्या जिमखान्यात एक क्रीडाशिक्षक, एक औषधांची पेटी आणि बारा मुलांत चार पाण्याच्या बाटल्या, त्याने काय करावे?

हा विषाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो तो मुख्यतः श्वासावाटे. बोलताना, ओरडताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानासुद्धा तोंडानाकातून अतिसूक्ष्म तुषार बाहेर पडतात. त्यांतील मोठे लगेच खाली पडतात. बारीक असतात ते उदबत्तीच्या धुरासारखे हवेत तरंगत राहतात. बंद खोलीत उदबत्ती लावली तर घटकाभरात कोपऱ्यान् कोपरा वासाने भरतो. तीच अंगणात लावली तर दोन हातांवर वास येत नाही. एवढा एक दाखला ध्यानात धरला तरी या विषयाचे निम्मे शास्त्र हाती आले असे समजावे.

आता खेळाडूचा श्वास पाहू. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सुमारे सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जोराने धावणाऱ्या तरुणाची हीच हवा ऐंशी-शंभर लिटरांवर जाते. याचा अर्थ, बंद जागेत तासभर कसून खेळणारा मुलगा त्याच जागेत दहा तास स्वस्थ बसलेल्या माणसाइतकी हवा ओढतो. आणि तो स्वतः बाधित असेल तर तितकीच बाहेरही टाकतो. आपल्या कबड्डीचा तर प्राणच श्वासात आहे. तीस सेकंदांची चढाई, तोंडाने अखंड उच्चार, आणि शेवटी सहा-सात जणांनी मिळून घातलेला विळखा. साथीचा विचार करता याहून अवघड खेळ शोधूनही सापडावयाचा नाही.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. दक्षिण कोरियातील चॉनान शहरात २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नृत्यव्यायामाच्या वर्गांतून शंभरावर माणसे बाधित झाली. बारा व्यायामशाळांशी त्यांचा संबंध होता. लहान खोली, दाटीवाटी, पन्नास मिनिटांचा दमछाक करणारा व्यायाम, असा तो प्रकार. परंतु बाधित शिक्षिकांपैकी एक त्याच दिवसांत योगासनांसारखे सावकाश व्यायाम सात-आठ जणांना शिकवीत होती, आणि त्या वर्गातील कोणालाही बाधा झाली नाही. जागा तीच. फरक पडला तो गर्दीचा आणि दमाचा. दुसरा दाखला अमेरिकेतील फ्लोरिडाचा. १६ जून २०२० रोजी तेथे बंदिस्त सभागृहात बर्फावरील हॉकीचा एक सामना झाला. खेळाडू बावीस. त्यांतील एकाला दुसऱ्या दिवशी ताप आला आणि पाच दिवसांच्या आत बावीसांपैकी चौदा जण, शिवाय तेथील एक कर्मचारी, आजारी पडले. ज्याच्यापासून हे सुरू झाले तो सामन्याच्या दिवशी धडधाकट होता, ही गोष्ट विसरू नये.

याच्या उलट बाजूही पाहिली पाहिजे. इंग्लंडमधील व्यावसायिक रग्बीचे चार सामने संशोधकांनी तपासले. त्यांत आठ बाधित खेळाडू नकळत खेळून गेले होते. रग्बी म्हणजे अंगाला अंग भिडविण्याचा खेळ. तरीही पुढे जे थोडे खेळाडू बाधित निघाले, त्यांचा माग बहुतेक मैदानाबाहेर लागला: एकाच मोटारीतून केलेला प्रवास, सामन्यानंतरची बैठक, आपल्याच संघातील सहवास. उघड्या आकाशाखाली झटापट क्षणाची असते आणि वारा आपले काम करीत असतो.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, आपण भीती बाळगतो ती बहुधा चुकीच्या जागेची. २०२० साली चेंडू पुसून घेण्यात आपण किती वेळ घालविला! चेंडूला थुंकी लावण्यास क्रिकेटमध्ये मनाई झाली ती योग्यच, कारण ती सवय तशीही घाणेरडी. परंतु वस्तूच्या स्पर्शाने हा रोग क्वचितच पसरतो, हे पुढे स्पष्ट झाले. खरा धोका मैदानाच्या कडेला उभा असतो. खिडक्या न उघडणारी कपडे बदलण्याची खोली, सामन्याला नेणारी मिनीबस, वसतिगृहाची भोजनशाळा, तळघरातील टेबलटेनिसची जागा, आणि विजयानंतर एकमेकांच्या गळ्यात पडून केलेला जल्लोष. नेरूळ, वाशी, बेलापूरची मुले लोकलने मैदानावर येतात. हार्बर मार्गाच्या डब्यातील अर्धा तास हा मोकळ्या मैदानावरील दोन तासांहून अधिक जोखमीचा असू शकतो. तेव्हा मुखपट्टी धावताना लावावयाची वस्तू नव्हे. घामाने भिजली की ती कोंडते आणि उपयोगाचीही राहत नाही. ती लावावयाची डब्यात, बसमध्ये, राखीव खेळाडूंच्या बाकावर.

यावरून खेळांची एक उतरंड लावता येते. मोकळ्यावरचे धावणे, फेकी, टेनिस, क्रिकेट ही सर्वांत खालची पायरी. फुटबॉल, हॉकी, खोखो मधली. मोकळ्यावरची कबड्डी व कुस्ती त्याच्या वरची. आणि बंद सभागृहातील बास्केटबॉल, बॅडमिंटन, व्यायामशाळा, मॅटवरची कबड्डी ही सर्वांत वरची. साथ चढू लागली की वरच्या पायरीपासून थांबावे आणि ओसरू लागली की खालच्या पायरीपासून सुरुवात करावी. सर्व एकदम बंद आणि सर्व एकदम चालू, हा कारभार सोपा खरा, पण शहाणपणाचा नव्हे.

कारण बंद ठेवण्यालाही किंमत पडते. महाराष्ट्रातील महाविद्यालये २०२० च्या मार्चमध्ये बंद झाली ती २० ऑक्टोबर २०२१ रोजी रीतसर उघडली. आणि नव्या लाटेमुळे २०२२ च्या जानेवारीत पुन्हा काही दिवस मिटली. म्हणजे एकोणीस महिने. पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. २०२० च्या प्रारंभी भुवनेश्वरला विद्यापीठांच्या खेलो इंडिया स्पर्धा झाल्या. त्यांची पुढची खेप बेंगळुरूला भरण्यास २०२२ चा एप्रिल उजाडला. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी धावण्यात जो सेकंद कमी करता आला असता, तो बाविसाव्या वर्षी हाती येतोच असे नाही. अभ्यास घरी बसून थोडाफार करता आला. लांब उडी घरात मारता येत नाही. ज्या मुलीला खेळाच्या बळावर पोलिसांत किंवा रेल्वेत नोकरी मिळण्याची आशा होती, तिचे नुकसान कोणत्याही तक्त्यात मांडलेले नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. तरुण खेळाडू या रोगाने क्वचितच गंभीर आजारी पडतो. म्हणून तो म्हणतो, मला काय होणार? याला दोन उत्तरे आहेत.

एक उत्तर त्याच्या हृदयाचे. विषाणूच्या आजारात कधी कधी हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि अशा वेळी कसून व्यायाम केला तर जिवावर बेतू शकते. करोनाच्या आरंभी या भीतीने मोठा गोंधळ उडाला. पुढे अमेरिकेतील महाविद्यालयांतून तीन हजारांवर बाधित खेळाडूंची पाहणी झाली, तेव्हा त्यांतील २१ जणांत, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी जणांत, हृदयावर परिणाम झाल्याच्या खुणा दिसल्या. धोका थोडा आहे, पण शून्य नाही. म्हणून आजारातून उठलेल्या मुलाने एकदम सामन्याला उतरू नये. लक्षणे पूर्ण जाऊ द्यावी. मग प्रथम चालणे, नंतर हलके धावणे, नंतर सराव आणि शेवटी सामना, असे दिवसामागून दिवस चढत जावे. छातीत दुखणे, धडधडणे, भोवळ येणे, पूर्वी न लागणारी धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर तेथेच थांबून वैद्याकडे जावे. हृदयाला सूज असल्याचे ठरले, तर तीन ते सहा महिने स्पर्धा बंद. तो काळ फार वाटला तरी आयुष्य त्याहून लांब आहे.

दुसरे उत्तर त्याच्या घराचे. तुर्भ्याच्या किंवा कोपरखैरण्याच्या दोन खोल्यांत आई, वडील, आजी आणि तो. आजीला मधुमेह. मुलाला एक दिवस घसा खवखवला आणि तो विसरूनही गेला. त्याचा घसा बरा झाला. आजीचे काय झाले, हे आपल्यापैकी कित्येकांना सांगावे लागणार नाही. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात महानगरपालिकेने रुग्णशय्या मांडल्या होत्या. त्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना हा हिशेब ठाऊक आहे.

येथे खरी अडचण येते ती शास्त्राची नसून स्वभावाची. घसा दुखतो आहे हे खेळाडू सांगत का नाही? कारण त्याची जागा जाईल. उद्या उपांत्य सामना, राखीव खेळाडू टपून बसलेला, आणि दुखणे अंगावर काढून खेळणारा तो खरा मर्द, असे आपणच त्याला शिकविलेले. ताप लपवून शतक काढणाऱ्याच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. साथीत हे कौतुक विष ठरते. म्हणून प्रत्येक महाविद्यालयाने एक नियम आधीच लिहून ठेवावा: जो खेळाडू आपणहून आजार सांगेल, त्याची संघातील जागा बरा होईपर्यंत राखून ठेवली जाईल. या एका ओळीला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. आणि तापमापकाच्या रांगांपेक्षा तिचा उपयोग अधिक होईल, असे आम्हांस वाटते.

बाकीची पथ्ये थोडक्यात सांगता येतील. सराव लहान आणि ठरलेल्या गटांत ठेवावा, म्हणजे एक आजारी पडला तर सारा संघ घरी बसत नाही. प्रत्येकाची पाण्याची बाटली आपली. खोल्यांच्या समोरासमोरच्या खिडक्या उघड्या. त्या उघडत नसतील तर कपडे घरूनच घालून यावे. राखीव खेळाडूंची फळी नेहमीपेक्षा मोठी असावी. लस उपलब्ध असेल तेव्हा ती घ्यावी. आपल्याकडे १८ वर्षांवरील सर्वांना १ मे २०२१ पासून आणि पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ३ जानेवारी २०२२ पासून ती मिळू लागली. लस संसर्ग नेहमी रोखतेच असे नाही, पण दुखण्याची धार बोथट करते. आणि ज्या आठवड्यात गावातील रुग्णालये भरू लागतील, त्या आठवड्यात कोणतीही स्पर्धा पुढे ढकलण्यात कमीपणा मानू नये.

नेरूळच्या त्याच क्रीडांगणावर ३० ऑक्टोबर २०२२ रोजी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. ही स्पर्धा भारतात २०२० सालीच व्हावयाची होती. साथीने ती आधी पुढे ढकलली आणि मग रद्दच झाली. २०२० मध्ये ज्या मुली सतरा वर्षांच्या उंबरठ्यावर होत्या, त्यांचे वय तोवर निघून गेले होते. मैदानावर उतरल्या त्या दुसऱ्याच. सामना सुरेख झाला, स्पेनने कोलंबियाला एका गोलाने हरविले. टाळ्या वाजविताना त्या पहिल्या मुलींची आठवण किती जणांना झाली असेल? पुढच्या साथीत काही मुलांचे सामने तरी आपण वाचवू शकू; मात्र त्याची तयारी साथ नसताना करावी लागेल.