पाऊणपटीचा हिशेब
कोकण किनाऱ्यावरची भरती, वारा आणि पावसाळी दर्या

अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर पाण्यात कुलाबा किल्ला दिसतो. ओहोटीला तिथे चालत जाता येते, हे बहुतेकांना ठाऊक असते. कोणत्या ओहोटीला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. अष्टमीला दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी पूर्ण होते. मुंबईहून सकाळी निघालेल्या माणसाला यापेक्षा सोयीची वेळ नाही. तो वाळूत उभा राहून वाट पाहतो, पाणी उतरते, पण पुरते उतरत नाही. पौर्णिमेला हाच रस्ता जवळजवळ कोरडा पडतो, पण सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास, म्हणजे पर्यटकाला नको त्या वेळी. किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला हे सांगावे लागत नाही. त्याच्याकडे भिंतीवरचे कालनिर्णय आणि एक जुना हिशेब असतो.

तो हिशेब असा : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून पहाटे तीनला आणि दुपारी तीनला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी. कोकणात हे गणित पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले आहे आणि आजही सह्याद्री-कोकण भटकणारे लोक ते वापरतात. ते खरे का ठरते, आणि कुठे फसते, हे पाहण्यासारखे आहे.

तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातले बारा अंशांचे अंतर. पृथ्वी स्वतःभोवती ३६० अंश फिरायला चोवीस तास घेते. म्हणजे बारा अंशांना अठ्ठेचाळीस मिनिटे. चंद्र प्रत्येक तिथीला सूर्याच्या तेवढा मागे पडतो, आणि भरती मुख्यतः चंद्राच्या मागे जात असल्याने तीही सरासरी तेवढीच उशिरा येते. आपल्या हिशेबात अठ्ठेचाळीसऐवजी पंचेचाळीस मिनिटे धरली आहेत. कारण उघड आहे : पाऊणपट तोंडी करता येते, आठ-दशांश पट करता येत नाही. रोजची तीन मिनिटांची चूक पंधरवड्यात पाऊण तासापर्यंत साठते. म्हणून पौर्णिमेला हिशेब सव्वाअकरा सांगतो आणि पाणी बाराच्या सुमारास चढते. पण पक्ष बदलला की प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा सुरू होते, चूक पुसली जाते. ज्याने कुणी हे बसवले, त्याने चूक साठू न देण्याची सोय पंचांगाच्या रचनेतूनच उचलली.

आणखी एक बारकावा आहे. भरती रोज सारख्याच मिनिटांनी पुढे सरकत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ती रोज पाऊण तासाच्याही आतच सरकते, अष्टमीच्या आसपास मात्र तासापेक्षा जास्त. सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत असली की पाण्याची चढउतार मोठी होते, हे उधाण. काटकोनात असली की ती आखडते, हा भांग. उधाणाचे सर्वांत मोठे पाणी नेमके पौर्णिमेला येत नाही, तर दोनेक दिवसांनी, द्वितीयेच्या आसपास येते. मुंबईच्या अपोलो बंदरावर सरासरी उधाणात पाणी ४.४ मीटरपर्यंत चढते आणि ०.८ मीटरपर्यंत उतरते, भांगात ३.३ वर थांबते आणि १.९ च्या खाली जात नाही. अलिबागच्या वाळूत उभ्या असलेल्या माणसाची फसगत या शेवटच्या आकड्यात आहे.

हे आकडे कशापासून मोजायचे, हा प्रश्न इथे टाळता येत नाही, कारण दर पावसाळ्यात त्यावरून घबराट होते. ‘समुद्रात ४.९ मीटर उंचीच्या लाटा उसळणार’ असे मथळे आपण सगळ्यांनी वाचले आहेत. ती लाटांची उंची नसते. ती भरतीच्या पाण्याची पातळी असते, आणि तीही नौकानकाशाच्या शून्यापासून, म्हणजे साधारणतः पाणी ज्याच्या खाली क्वचितच जाते त्या रेषेपासून मोजलेली. मुंबईत समुद्राची सरासरी पातळीच या शून्याच्या अडीच मीटर वर आहे. म्हणजे ४.९ मीटरचे पाणी सरासरीच्या सुमारे २.४ मीटर वर असते. लाट त्याच्या पाठीवर येते, आणि तिची उंची भरतीच्या कोष्टकात कुठेच नसते.

अपोलो बंदरावरची पातळीची नोंद १८७८ पासूनची आहे. आशियातल्या जुन्या नोंदींत तिची गणना होते. हिंदुस्थानातल्या बंदरांच्या भरतीचे भाकीत करण्यासाठी १८७०च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये चाकांचे आणि कप्प्यांचे एक खास यंत्र बनवले गेले. भरती हा अनेक लहानमोठ्या आवर्तनांचा मेळ असतो : चंद्राचे अर्ध्या दिवसाचे, सूर्याचे अर्ध्या दिवसाचे, दोघांचे मिळून पूर्ण दिवसाचे. प्रत्येकासाठी एक चाक, आणि सगळ्यांची बेरीज एका दोरीवर. आज ते काम संगणक करतो आणि भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी कोष्टके छापतो. तत्त्व बदललेले नाही.

यातल्या पूर्ण दिवसाच्या आवर्तनामुळे मुंबईच्या पाण्याला एक सवय लागली आहे. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात. सूर्य उत्तरेला किंवा दक्षिणेला दूर असतो तेव्हा हा फरक वाढतो. म्हणून वर्षातली सर्वांत मोठी पाणी जून-जुलैत आणि डिसेंबर-जानेवारीत येतात. पावसाळ्यात मोठे पाणी दुपारचे असते, हिवाळ्यात मध्यरात्रीचे. मध्यरात्रीचे कुणी पाहत नाही आणि तेव्हा पाऊसही नसतो, म्हणून भरती फक्त पावसाळ्यातच मोठी असते असा आपला समज होऊन बसला आहे.

किनाऱ्याने दक्षिणेकडे जावे तशी ही चढउतार आक्रसत जाते. खंबातच्या आखातात भावनगरला ती दहा मीटरच्या घरात असते, मुंबईत उधाणाला साडेतीन-पावणेचार, गोव्यात दोन-सव्वादोन, कोचीला मीटरभरही नाही. मुंबईसमोर समुद्राचा उथळ तळ शेकडो किलोमीटर पसरला आहे. दक्षिणेला तो अरुंद होतो. उथळ पट्टा रुंद तितकी भरतीची लाट फुगते, आणि आखात नरसाळ्यासारखे असेल तर आणखीच. भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे येते, त्यामुळे मालवणात ती मुंबईच्या आधी लागते; पाऊणपटीचा हिशेब तिथे जसाच्या तसा लावून चालत नाही.

या आक्रसण्याचा ठसा माणसांच्या हत्यारांवर उमटला आहे, आणि मला स्वतःला या विषयातले हेच सर्वांत मोहक वाटते. पालघरपासून रायगडपर्यंत डोल जाळे चालते. हे जाळे ओढायचे नसते. ते समुद्रात खुंटांना किंवा नांगराला बांधून तोंड प्रवाहाकडे करून सोडायचे असते. मासे आणण्याचे काम भरती-ओहोटीचा ओढा करतो. बोंबील आणि जवळा असे येतात. उधाणाच्या दिवसांत डोलीला काम असते, भांगात ओढा मंदावतो आणि जाळी वाळत पडतात. मालवणकडे हा ओढाच नाही, म्हणून तिथे रापण : होडीने जाळे अर्धवर्तुळात टाकायचे आणि दोन्ही टोकांना माणसांनी उभे राहून किनाऱ्यावर ओढायचे. उत्तरेत चंद्र जाळे भरतो, दक्षिणेत माणसांचे हात.

इथपर्यंत सगळे पंचांगात बसते. वारा बसत नाही.

ऑक्टोबर ते मे या काळात किनाऱ्यावर दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई वारे असा बऱ्यापैकी शिस्तीचा खेळ असतो. पहाटे मतलईवर बाहेर जायचे आणि दुपारी खाऱ्यावर परत यायचे, या बेतावर शिडांची वाहतूक चालत असे. आगोटीनंतर ही शिस्त मोडते. नैर्ऋत्येचा वारा हजारो किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून येतो आणि जून-जुलैत कोकणासमोर तीन-तीन मीटरच्या लाटा नेहमीच्याच होतात. गंमत अशी की याच काळात समुद्राची सरासरी पातळी, विशेषतः गोव्यापासून दक्षिणेला, वर्षातल्या नीचांकाजवळ असते. हिवाळ्याच्या सुरुवातीला ती चढते. पावसाळी दर्या आपल्याला भरलेला वाटतो तो लाटांमुळे.

खरा धोका खोल समुद्राइतकाच खाडीच्या मुखाशी असतो. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, तेरेखोल, कोणतीही खाडी घ्या : नदीचा गाळ आणि समुद्राची वाळू यांचा मुखाजवळ उथळ दांडा तयार होतो. ओहोटीचे पाणी बाहेर धावत असते आणि समोरून लाट आत येत असते. प्रवाहाविरुद्ध येणारी लाट आखूड होते, उभी राहते आणि मोडते. पावसाळ्यात नदीचा पूर ओहोटीला जोर देतो, ती जास्त वेळ टिकते. त्यामुळे ओहोटीबरोबर सहज बाहेर पडू, हा किनाऱ्यावरून बरोबर दिसणारा विचार मुखाशी जीवघेणा ठरतो. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, ती माशांच्या विणीसाठी म्हणून सांगितली जाते. तिचे दुसरे कारण हे दांडे आहेत, आणि बंदी कागदावर येण्यापूर्वीही नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या शाकारून ठेवल्या जात, त्यामागे हेच होते. नारळ सोडायचा दिवस मात्र उधाणाचाच असतो. तेव्हा शांत झालेला असतो तो वारा, भरती नव्हे.

भरती आणि वादळ एकत्र आले तर काय, याची दोन उदाहरणे आपल्या समोरच घडली. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. तिथी द्वादशी, पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे पाणी मोठे. पाऊणपटीने भरती नऊची, पक्षाच्या शेवटाकडची चूक धरून दहाच्या आसपासची. वादळ जमिनीवर आले साडेबारा ते अडीचच्या दरम्यान. तोवर पाणी दोन-तीन तास उतरत होते. वाऱ्याने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडच्या नारळी-सुपारीच्या बागा झोपवल्या. समुद्र मात्र जितका आत येऊ शकला असता तितका आला नाही. हेच वादळ तीन तास आधी आले असते, तर त्याच वाऱ्याने ढकललेले पाणी भरतीच्या माथ्यावर बसले असते.

पुढच्या वर्षी १७ मे रोजी ‘तौक्ते’ मुंबईसमोरून उत्तरेकडे गेले, किनाऱ्याला न लागता. तिथी वैशाख शुद्ध पंचमी; पाणी भांगाकडे झुकलेले. पण पाचाची पाऊणपट पावणेचार, आणि वारा दुपारीच घोंघावत होता. गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावर पाणी उसळून आत आले, कठड्यांची नासधूस झाली. लहान पाणी चुकीच्या तासाला आले, तर मोठ्या पाण्यापेक्षा महाग पडते. शिवाय वादळात हवेचा दाब जितके मिलिबार उतरतो, साधारण तितके सेंटिमीटर समुद्र आपोआप वर येतो. वाऱ्याने ढकललेले पाणी त्याखेरीज.

पावसाचेही असेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला ७५च्याही आत. त्या दुपारची भरती ४.४८ मीटरची होती, वर्षातली सर्वांत मोठी नव्हे. पण शहरातल्या अनेक नाल्यांची तोंडे भरतीच्या पातळीखाली आहेत. समुद्र वर असेपर्यंत त्यांतून पाणी बाहेर पडत नाही. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले तेव्हा आषाढ शुद्ध त्रयोदशी होती. वाशिष्ठीचे पाणी डोंगरातून येत होते आणि दाभोळच्या खाडीत उधाण चढत होते. धरणाच्या पाण्यावरून पुढे पुष्कळ वाद झाले. तिथीबद्दल वाद व्हायचे कारणच नव्हते, ती वर्षभर आधी भिंतीवर छापलेली होती.

बंदरात लागणारा बावटा याच जोडणीसाठी असतो. एक आणि दोन नंबर म्हणजे वादळ दूर आहे, तीन म्हणजे या बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा, पाचाच्या पुढे धोका, आठ ते दहा महाधोका. आता हैदराबादची ‘इन्कॉईस’ ही संस्था लाटांच्या उंचीचे भाकीत किनाऱ्याच्या तुकड्यातुकड्यासाठी काही दिवस आधी देते आणि ते मोबाईलवर पोहोचते. त्यात लाट आणि वारा असतो. भरतीचा तास वेगळ्या कोष्टकात. दोन्ही एकाच नजरेत धरायचे काम अजून नौकेच्या तांडेलाचेच आहे.

अपोलो बंदराच्या दीर्घ नोंदीत समुद्राची पातळी वर्षाला मिलिमीटरभराच्या आसपास चढलेली दिसते. उत्तर हिंदी महासागरात १९९०च्या दशकापासूनचा उपग्रहांचा आकडा तीन मिलिमीटरच्या वर आहे. पाऊणपटीच्या हिशेबाला याने काही फरक पडत नाही. तो वेळ सांगतो, उंची नाही. अलिबागच्या घोडागाडीवाल्याची ओहोटी ठरल्या तासालाच येईल. किल्ल्याची वाट उघडी राहण्याचा काळ मात्र दोन्ही बाजूंनी हळूहळू कमी होत जाईल.