विजेचं ग्रिल घ्यायचं का? आधी महिनाभर खुणा करा



गटात कर्जाची मागणी येते तेव्हा कारण विचारण्याची आपली पद्धत आहे. शेळी घ्यायची, शिलाई मशीन घ्यायचं, मुलीची फी भरायची, दवाखाना आहे. ही कारणं आपल्या सवयीची. हल्ली त्यात एक नवं कारण यायला लागलंय, ते म्हणजे विजेचं ग्रिल. खिडकीला लावतात ते नव्हे बरं का! घरात, ओट्यावर ठेवून, विजेवर भाजण्याचं यंत्र. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ दिसतात, तालुक्याच्या दुकानात ते हप्त्यावर मिळतं, आणि बघितलं की घ्यावंसं वाटतं. वाटण्यात काही गैर नाही. बाईनं स्वतःच्या स्वयंपाकघरासाठी वस्तू घ्यावी, याचा मला आनंदच आहे. पण कर्ज काढून घ्यायची असेल, तर ती वस्तू आपल्या घरी किती कामाला येईल, हे आधी बघायला हवं. आज तेच बघू.

बाजारात ग्रिल म्हणून साधारण चार प्रकारची यंत्रं विकतात. पहिला सँडविचचा. पुस्तकासारखा उघडतो, वरून-खालून दोन्ही बाजूंनी तापतो. दुसरा उघडा, म्हणजे वर जाळी किंवा रेघांचा तवा आणि खाली तापणारी तार. तिसरा विजेचा तंदूर, पेटीसारखा, त्यात सळया घालून भाजतात. चौथा ओटीजी, म्हणजे छोटी भट्टीच, त्यात केकही होतो आणि भाजताही येतं. किंमत हजार-दीड हजारापासून सात-आठ हजारांपर्यंत जाते.

हे यंत्र मुळात कुणासाठी निघालं, ते समजलं की निम्मं उत्तर मिळतं. परदेशात मोठ्या शहरांतली माणसं फ्लॅटमध्ये राहतात. तिथं कोळसा पेटवायला अंगण नसतं, धुराची अडचण असते. अमेरिकेत १९९४ साली जॉर्ज फोरमन या मुष्टियोद्ध्याच्या नावानं एक ग्रिल बाजारात आलं आणि ते घरोघरी गेलं. त्याचा तवा तिरका होता. मांस भाजताना सुटलेली चरबी खाली निथळून वेगळ्या ताटलीत पडायची. म्हणजे रोज मांसाचे तुकडे भाजणाऱ्या आणि अंगण नसलेल्या घरासाठी ती सोय होती.

आता आपल्या घरात बघू. आपण रोज काय भाजतो? भाकरी. वाटणाचा कांदा आणि खोबरं. पापड. भरताचं वांगं. हंगामात कणीस, हुरडा, रताळं. कोकणात आणि बाजार जवळ असेल तिथं सुकट, बोंबील. सणावाराला किंवा पाहुणे आले तर कोंबडी.

भाकरीला ग्रिलचा काही उपयोग नाही. तिला सपाट तापलेला तवा आणि शेवटी जाळ लागतो, तेव्हा ती फुगते. रेघांच्या तव्यावर ती वाळून कडक होईल. पापडाला अर्धा मिनिट पुरतो, तेवढ्यासाठी यंत्र तापवत बसायला परवडत नाही. अख्खं वांगं सँडविचच्या ग्रिलमध्ये मावत नाही. ओटीजीत किंवा तंदुरात ते शिजतं, पण साल जळून जो खमंग वास भरताला येतो तो जाळाचा असतो. विजेच्या तारेला जाळ नसतो. अख्खा कांदा तर आत मऊ व्हायला अर्धा तास घेतो.

मग ग्रिल चांगलं कशासाठी? तेही प्रामाणिकपणे सांगते. मासा, कोंबडी, पनीर, बटाट्याचे काप, ढोबळी मिरची, ब्रेड हे पदार्थ त्यावर चांगले होतात. तळताना कढईभर तेल लागतं, तिथं एक-दोन चमचे पुरतं. घरात कुणाला डॉक्टरांनी तळण कमी करायला सांगितलं असेल, तर हा खरा फायदा आहे. शिवाय यंत्राला ठरावीक वेळ लावता येत असेल तर समोर उभं राहावं लागत नाही. हे काम तुमच्याकडे आठवड्यातून दोनदा होत असेल तर विचार करा. वर्षातून चारदा होत असेल तर बिडाचा तवा आणि गॅसवरची जाळी पुरे. दोन्ही मिळून खर्च बराच कमी येतो आणि वीज गेली तरी काम अडत नाही.

आता पैशाचा हिशोब. विजेचं युनिट कसं मोजतात, ते आधी पक्कं करू. यंत्रावर वॅट लिहिलेले असतात. १,००० वॅटचं यंत्र एक तास चाललं की एक युनिट होतं. १,५०० वॅटचं ग्रिल तापायला धरून ४० मिनिटं चाललं, तरी एकच युनिट. सोपं जावं म्हणून युनिटला १० रुपये धरू. तुमच्या बिलावर दर वेगळा असेल तर तो घाला. म्हणजे एका वेळचा खर्च १० रुपये. तेच वांगं किंवा कांदा गॅसच्या मध्यम आचेवर १५ मिनिटं भाजला, तर ३० ते ४० ग्रॅम गॅस जातो. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा असतो. तो ९०० रुपयांना धरला तर हा गॅस झाला दोन-अडीच रुपयांचा. तेव्हा "ग्रिल घेतलं की गॅस वाचतो" असं कुणी सांगितलं, तर हा हिशोब त्यांच्यापुढे ठेवा.

विजेच्या बिलाबद्दल आणखी एक. महावितरणच्या घरगुती बिलात महिन्याला १०० युनिटपर्यंत एक दर असतो, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा, आणि तो बराच जास्त असतो. पुष्कळ बायकांना वाटतं की १०० च्या वर एक युनिट गेलं की सगळ्याच युनिटांना वाढीव दर लागतो. तसं नाही. १०० च्या वरची जी युनिटं असतात, तेवढ्यांनाच वाढीव दर लागतो. पण तुमचा वापर ९५ च्या आसपास असेल, तर ग्रिलचं जवळजवळ प्रत्येक युनिट त्या महाग दरातच बसणार, हे लक्षात ठेवा.

तरीसुद्धा मला बिलाची फार भीती वाटत नाही. आठवड्यातून दोनदा, म्हणजे महिन्यातून आठ वेळा वापरलं तर ८० रुपये. खरा खर्च यंत्राच्या किमतीत आहे. समजा ४,००० रुपयांचं ग्रिल आहे आणि गटातून अंतर्गत कर्ज घेतलं. दहा हप्ते, शेकडा दोन रुपये व्याज, उरलेल्या मुद्दलावर. पहिल्या महिन्यात व्याज ८० रुपये, दुसऱ्यात ७२, असं कमी होत शेवटी ८. एकूण व्याज ४४० रुपये. म्हणजे ग्रिल पडलं ४,४४० रुपयांना. ते तीन वर्षं नीट चाललं असं धरू. महिन्याला झाले साधारण १२३ रुपये. महिन्यातून आठ वेळा वापरलं तर दर वेळी १५ रुपये यंत्राचे आणि १० विजेचे, मिळून २५. दोनच वेळा वापरलं तर दर वेळी ६२ आणि १०, म्हणजे ७२ रुपये! आणि माळ्यावर ठेवून दिलं, तर महिन्याचे १२३ रुपये नुसतेच गेले. यंत्र तेच, किंमत तीच, पण ते कुणाला स्वस्त पडेल आणि कुणाला महाग, हे वापरावर ठरतं.

म्हणून माझं सांगणं असं. घ्यायच्या आधी महिनाभर थांबा. भिंतीवर दिनदर्शिका असतेच. ज्या दिवशी खरोखर ग्रिल वापरलं असतं, त्या तारखेला पेनानं खूण करा. मनात आलं म्हणून खूण करायची नाही. त्या दिवशी घरात सामान होतं का, वेळ होता का, आणि वीज होती का, हे तिन्ही जमलं असेल तरच करायची. महिन्याच्या शेवटी आठ किंवा जास्त खुणा झाल्या तर पुढचा विचार करा. दोन-तीनच असतील तर तुमचं उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय.

आता विजेची बाजू. यात चूक झाली तर जिवावर बेततं, म्हणून नीट ऐका.

घरातल्या बोर्डावरचा साधा प्लग ६ अँपिअरचा असतो. त्यावर १,३०० वॅटच्या पुढचं यंत्र चालवू नये. मोठं ग्रिल, तंदूर, ओटीजी यांना १६ अँपिअरचा, जाड पिनांचा पॉवर प्लग लागतो. एक्स्टेन्शन बोर्ड लावून तर मुळीच चालवू नका. वायर गरम होते, प्लास्टिक वितळतं. तुमच्या बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो, किलोवॅटमध्ये. तो एक किलोवॅट असेल आणि तुम्ही दीड किलोवॅटचं ग्रिल लावलं, वर पंखे आणि टीव्ही, तर तो भार आधी वाढवून घ्यायला हवा.

तीन पिनांतली जाड पिन अर्थिंगची. ती मोडून दोन पिनांचा प्लग बसवू नका. घराला अर्थिंग आहे की नाही, हे वायरमनकडून तपासून घ्या. आणि बोर्डात आरसीसीबी नावाचा स्विच बसवून घ्या. शॉक बसण्याजोगी गळती झाली की तो वीज लगेच तोडतो. ग्रिलचं अंग लोखंडी, तंदुराच्या सळया लोखंडी, आपली जमीन सारवलेली नाहीतर ओली, पाय अनवाणी. अशा घरात अर्थिंगशिवाय तंदूर लावणं म्हणजे संकट ओढवून घेणं. सळई घालताना किंवा काढताना, आणि पुसताना, प्लग काढलेला असावा. यंत्र पाण्यात बुडवून धुवायचं नाही. आयएसआय खूण बघून घ्या आणि पावती जपून ठेवा.

व्होल्टेजचंही बघा. संध्याकाळी सगळ्या गावात दिवे लागतात तेव्हा कितीतरी ठिकाणी व्होल्टेज पडतं. २३० च्या जागी १८० आलं, तर १,५०० वॅटचं ग्रिल जेमतेम ९०० वॅटची उष्णता देतं. पदार्थ भाजला जात नाही, पाणी सुटून शिजत बसतो. दुकानात व्हिडिओसारखं झालं आणि घरी झालं नाही, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

आणि एक सूचना, ग्रिल नसलेल्यांसाठी. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही पेटवू नका. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू सुटतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि माणूस झोपेतच दगावतो. निखाऱ्यावरचं भाजणं अंगणातच करायचं.

चुलीचा विषय निघालाच आहे, तर मनातलं बोलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या चुलीच्या धुरानं आणि तशा इंधनानं जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. आपल्याकडे उज्ज्वला योजना २०१६ पासून आहे, घरात सिलिंडर आहे, तरी तो संपला की पुढचा भरायला पैसे नसतात आणि पुन्हा चूल पेटते. अशा घरात ४,००० रुपये हातात असतील, तर ते ग्रिलवर घालू नका. त्यात ९०० च्या हिशोबानं चार सिलिंडर भरून होतात आणि पैसे उरतात. ग्रिल चुलीची जागा घेत नाही. डोळ्यांची आग आणि छातीतला खोकला कमी करायचा असेल तर रोजची भाकरी-भाजी धुराशिवाय व्हायला हवी.

धंद्यासाठी घ्यायचं असेल तर मात्र हिशोब बदलतो. शाळेजवळ, एसटी स्टँडवर, जत्रेत सँडविच चालतं. समजा एक सँडविच १८ रुपयांत तयार होतं आणि ३० ला विकलं, तर १२ रुपये सुटतात. दिवसाला २० गेली तर २४०, विजेचे १० वजा करून २३०. वीस दिवसांत ४,४४० वसूल. यात तुमची मजुरी धरलेली नाही, तीही पुढे धरायची. पण आधी दोन-तीन बाजारांत साध्या तव्यावर करून विकून बघा. गिऱ्हाईक आहे असं दिसलं की मग यंत्र. खाद्यपदार्थ विकायला अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, आणि घरच्या मीटरवर धंदा केला तर कोणता दर लागेल, हे महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या.

एकटीला परवडत नसेल आणि हौस सगळ्यांना असेल, तर गटानं मिळून एकच घ्यावं. ज्या घरी अर्थिंग आणि पॉवर प्लग चांगला आहे तिथं ठेवावं, वापरणारीनं ठरलेलं भाडं गटाच्या वहीत जमा करावं. ठराव मात्र लेखी करा, म्हणजे बिघडल्यावर वाद होत नाही.

पुढच्या बैठकीत अशी मागणी आली, तर अध्यक्ष-सचिवांनी तीन गोष्टी विचाराव्यात. महिन्याच्या खुणा किती झाल्या? वायरमननं अर्थिंग आणि प्लग तपासला का? आणि घरात या महिन्याचा सिलिंडर भरलेला आहे का? तिन्हींची उत्तरं चांगली आली तर कर्ज खुशाल मंजूर करा, आणि पहिल्या दिवशी भाजलेलं बैठकीला घेऊन या म्हणावं.