नोकरीचें टिपण

गेल्या हिंवाळ्यांत एका रात्रीं अकराच्या सुमारास आमच्या घरीं फोन वाजला. आमच्या थोरल्या बंधूंची नात कॅनडांत अभियांत्रिकी शिकते. तिकडे त्या वेळीं दुपार होती. अवेळीं आलेला फोन म्हणून घरांतील सगळी मंडळी अंथरुणें सोडून दिवाणखान्यांत जमली. वहिनींनीं तर मनांतल्या मनांत गणपतीला नारळहि कबूल करून टाकला. पण मुलगी सुखरूप होती. तिला एवढेंच विचारावयाचें होतें : "आजोबा, पहिला आकडा कोणाला घालूं?"

प्रकार असा होता. चार महिन्यांच्या पगारी कामासाठीं विश्वविद्यालयामार्फत तिच्या दोन ठिकाणीं मुलाखती झाल्या होत्या. एक कंपनी पाणी शुद्ध करण्याचीं यंत्रें बनविणारी. तेथें तिचें मन होतें. दुसरी एक मोठी पेढी. काम संगणकावरचें, ठरीव साच्याचें. पण तिला पहिली पसंती कळविली होती ती पेढीनें. कंपनीनें नांव यादींत ठेविलें होतें, एवढेंच. आतां तिनें दोहोंपुढें आपल्या आवडीचे आकडे मांडावयाचे, आणि जोडी विश्वविद्यालयाचा संगणक लावणार. एकदां लागली कीं नाहीं म्हणण्याची सोय नाहीं. मनांतलें खरें लिहावें, तर हातचें जाईल कीं काय ही भीति. हातचें राखावें, तर मनांतलें आपण होऊनच सोडल्यासारखें.

बंधूंनीं सगळें आयुष्य सरकारी नोकरींत घालविलें. पण आवडीचा आकडा त्यांना कोणी कधीं विचारला नव्हता. ते म्हणाले, "जें खरें तें लिही." वहिनी म्हणाल्या, "अगं, हातचें सोडूं नकोस." त्या रात्रीं आमच्यांत जो वाद झाला त्यांतून हा लेख निघाला आहे.

ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांच्या कानांवरून 'को-ऑप' हा शब्द गेला असेलच. आपल्याकडे को-ऑप म्हटलें कीं पतपेढी नाहीं तर साखर कारखाना डोळ्यांपुढें उभा राहतो. त्याचा येथें कांहीं संबंध नाहीं. कांहीं महिने वर्गांत आणि कांहीं महिने पगारावर कारखान्यांत वा कचेरींत, असें आलटून पालटून पदवीपर्यंत शिकण्याची ही पद्धति आहे. अमेरिकेंतील सिनसिनाटी विश्वविद्यालयांत हर्मन श्नायडर या अध्यापकानें ती १९०६ सालीं सुरू केली. विश्वस्तांनीं एका वर्षापुरती परवानगी दिली आणि प्रयोग फसल्यास जबाबदारी आमची नाहीं, असेंहि नोंदवून ठेविलें. पहिले विद्यार्थी २७. दोघांत मिळून एक नोकरी : एक आठवडा हा कारखान्यांत व तो वर्गांत, पुढल्या आठवड्यास उलट, म्हणजे मालकाचें यंत्र एक दिवसहि रिकामें राहूं नये. आमच्या लहानपणीं एका पाठ्यपुस्तकावर दोघे भाऊ शिकत, त्यांतलाच हा प्रकार म्हणावयाचा.

कोणास कोठें धाडावें, हें तेव्हां माणसेंच ठरवीत. श्नायडरनें तरुणांच्या स्वभावाची एक प्रतवारीच बसविली होती : हा एका जागीं स्थिरावणारा कीं फिरस्ता, चार भिंतींच्या आंत रमणारा कीं उघड्यावर, अशी. आपल्याकडील गण आणि नाडी पाहण्याची कोणास आठवण झाल्यास नवल नाहीं. सत्तावीस जणांना असें पारखतां येतें. कॅनडांतील वॉटर्लू विश्वविद्यालय १९५७ सालीं ७५ विद्यार्थ्यांनिशीं याच पद्धतीवर सुरू झालें; आज तेथें या पद्धतीनें शिकणाऱ्यांची संख्या वीस हजारांच्या वर आहे. चार महिने शिक्षण, चार महिने काम असा फेरा, आणि दर फेऱ्यास नवी नोकरी. इतक्यांचें टिपण कोणता गुरुजी पाहणार?

म्हणून वॉटर्लूला आकड्यांची पद्धत आली. जागांची यादी लागते, विद्यार्थी अर्ज करितात, मालक निवडक जणांस मुलाखतीस बोलावितात. मग मालक आपल्या पसंतीचे क्रम लावितो. विद्यार्थ्यास पहिली पसंती आपलीच आहे काय, कीं आपण मागच्या रांगेंत आहों, एवढें समजतें. रांगेंत कितवे, तें समजत नाहीं. त्यावर विद्यार्थी आपले क्रम लावितो. मग दोन्ही आकड्यांची बेरीज. ज्या जोडीची बेरीज लहान ती आधीं लागते. बेरजा सारख्या आल्या तर चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निकाल होतो.

ऐकावयास हें फार न्यायाचें वाटतें. आम्हांसहि वाटलें, पण बंधूंनीं कागदावर एक मांडणी करून दाखविली. समजा, यंत्रांच्या कंपनीनें एका मुलास पहिला आकडा दिला आणि आमच्या नातीला दुसरा. पेढीनें नातीला पहिला दिला आणि दुसऱ्या एका मुलास दुसरा. दोन्ही मुलांनीं आपापल्या ठिकाणास पहिला आकडा घातला. नातीनें खरें लिहिलें : कंपनी एक, पेढी दोन. आतां बेरजा पाहा. कंपनी आणि पहिला मुलगा, एक आणि एक दोन. ती जोडी लागली. राहिली पेढी. नातीची तेथें बेरीज दोन आणि एक तीन, दुसऱ्या मुलाची एक आणि दोन तीन. पेढीला आमची नात अधिक हवी आहे, नातीला आतां दुसरी जागा उरलेली नाहीं, तरीहि चिठ्ठी पडली त्या मुलाच्या नांवाची तर ही रिकाम्या हातानें परत! उलट तिनें पेढीच आपली सर्वांत आवडती आहे असें खोटें लिहिलें असतें, तर एक आणि एक दोन, जागा पक्की. खरें बोलणारीस दंड आणि खोट्यास बक्षीस, असा हा हिशेब आहे. वहिनींनीं गणित न मांडतांच तो ओळखला होता.

या प्रश्नाशीं पूर्वीं झगडले ते अमेरिकेंतील वैद्यकीचे विद्यार्थी. त्यांना पदवीनंतर इस्पितळांत उमेदवारी करावी लागते. १९४० नंतरच्या वर्षांत इस्पितळांची चढाओढ इतकी वाढली कीं जागा देऊं करावयाची आणि काहीं तासांत होय कीं नाहीं तें सांग म्हणून तगादा लावावयाचा, असा प्रकार चालला. शेवटीं सर्वांच्या पसंतीच्या याद्या एकत्र करून जोड्या लावण्याचें ठरलें. पहिल्यानें जी रीत सुचविण्यांत आली तिच्यांत एकमेकांस पहिला आकडा देणाऱ्यांच्या जोड्या आधीं लागत, आणि मग पुढल्या. तिचा अर्थ विद्यार्थ्यांच्या लगेच ध्यानांत आला : आवाक्याबाहेरच्या इस्पितळास पहिला आकडा देण्याचें धाडस केलें कीं दुसऱ्या जागेवरचाहि हक्क दुबळा होतो. त्यांनीं ओरड केली, रीत बदलून घेतली, आणि १९५२ सालीं नवी रीत सुरू झाली.

या रीतीच्या मुळाशीं असलेलें गणित दहा वर्षांनीं डेव्हिड गेल व लॉइड शॅप्ली या दोघां गणित्यांनीं स्वतंत्रपणें मांडलें. त्यांच्या १९६२ च्या निबंधाच्या नांवांतच कॉलेजप्रवेश आणि विवाहाचें स्थैर्य असे दोन विषय शेजारीं शेजारीं आहेत! गणित्यांना विवाहाची इतकी चिंता असेल असें आम्हांस वाटलें नव्हतें. त्यांची युक्ति अशी. प्रत्येक वरानें आपल्या सर्वांत आवडत्या वधूस मागणी घालावयाची. वधूनें आलेल्या मागण्यांतील उत्तम ती नुसती हातीं राखावयाची, शब्द द्यावयाचा नाहीं, बाकीच्यांस नकार. नकार मिळालेल्यानें आपल्या यादींतील पुढच्या दारीं जावयाचें. आणि अधिक चांगला आला तर आधीं राखलेल्यासहि वधूनें सोडून द्यावयाचें. नव्या मागण्या थांबल्या म्हणजे सगळीं लग्नें एकदम लावावयाचीं. मग आपापला जोडीदार टाकून एकमेकांकडे जावें असें दोघांनाहि वाटेल, अशी जोडी कोठें उरत नाहीं. शिवाय मागणी घालणाऱ्या बाजूस खोटें लिहून कांहीं साधत नाहीं.

या रीतीनें आमच्या नातीचें काय झालें असतें? तिनें प्रथम कंपनीचें दार ठोठावलें असतें. तेथें नकार. मग ती पेढीच्या दारीं. पेढीनें त्या मुलास राखलें असलें तरी त्यास सोडून हिला घेतलें असतें. आधीं दुसरीकडे गेल्याचा ठपका तिच्यावर राहिला नसता. अमेरिकेंतील डॉक्टरांची व्यवस्था १९९८ पासून मागणी घालण्याचा मान उमेदवारांस देणारी झाली. ती नव्यानें बसविण्यांत ॲल्विन रॉथ यांचा मोठा वाटा होता. त्यांस व शॅप्ली यांस २०१२ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. गेल २००८ सालींच निवर्तले होते.

रॉथ यांनीं इंग्लंडांतील एक हकीकत नोंदविली आहे. न्यूकॅसलकडे डॉक्टरांच्या जागा आकड्यांचा गुणाकार करून देत, जात बेरजेचीच. कांहीं वर्षांत असें झालें कीं बहुतेक याद्यांवर एकेकच नांव येऊं लागलें. इस्पितळ आणि उमेदवार आधींच खासगींत शब्द देऊन मोकळे! ती व्यवस्था पुढें सोडून द्यावी लागली. आपल्याकडे कांदेपोहे खाण्याआधींच बैठक ठरलेली असते, हें आम्ही पाहिलें आहेच.

आपल्या देशांत पिलानीच्या 'बिट्स' संस्थेनें १९७३ पासून 'प्रॅक्टिस स्कूल' चालविलें आहे. गोव्यांतील तिच्या शाखेच्या मुलांनाहि तें लागू आहे. तेथें जागा मुख्यतः विद्यार्थ्याची पसंती आणि त्याचे गुण पाहून देतात. ज्याचे गुण अधिक त्यानें आधीं निवडावें, असा नियम जेथें असतो तेथें खरें लिहिण्यास भय उरत नाहीं. मात्र कामाच्या ठिकाणाचें मन फारसें विचारलें जात नाहीं, आणि कमी गुणांच्या पण हातानें हुषार मुलास उरलेल्यावर समाधान मानावें लागतें. आम्हांस ही रीत परीक्षेच्या निकालासारखीच कोरडी वाटते, तरी मुलाला रात्रीं झोप येऊं देणारी आहे, हें कबूल केलें पाहिजे.

कोणतीहि रीत नव्या जागा निर्माण करीत नाहीं, हेंहि खरें. मंदीच्या वर्षीं बेरीज काय आणि मागणी काय, पाटावर बसावयास वरच कमी असतात. विश्वविद्यालयांचीं माणसें कारखान्यांचे उंबरठे झिजवून जागा गोळा करितात, त्यांवर सारें अवलंबून.

त्या रात्रींच्या वादाचा शेवट राहिला. नातीनें दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशीं वहिनींचें ऐकलें. पेढी एक, कंपनी दोन. जागा पक्की झाली, वहिनींनीं नारळ फोडला, आणि मे महिन्यांत ती पेढींत जाऊं लागली. दर रविवारीं फोन येतो. काम कसें आहे म्हणून विचारलें कीं "बरें आहे" म्हणते. यंत्रांच्या कंपनीनें तिच्या नांवापुढें कितवा आकडा घातला होता, तें मात्र तिला कोणी सांगितलेलें नाहीं.