संघनायिकेची मुखत्यारी

शनिवारची सकाळची शाळा सुटली, की रत्नागिरीतील एका माध्यमिक शाळेच्या मागील आवारात, जेथे जांभ्या दगडाच्या गडग्याला लागून माडांची एक रांग उभी आहे, तेथे गाईडच्या पथकाची हजेरी होते. आकाशी गणवेष, गळ्यात स्कार्फ, आणि सहा-सहा, सात-सात मुलींचे एकेक वर्तुळ. प्रत्येक वर्तुळ म्हणजे एक संघ, आणि प्रत्येक संघास एका फुलाचे नाव. ही हजेरी बाई घेत नाहीत. संघाची हजेरी संघनायिका घेते, आणि नंतर पुढे येऊन, ताठ उभी राहून, आपल्या संघातील किती मुली उपस्थित, कोण गैरहजर आणि कशामुळे, याची वर्दी बाईंना देते. वर्दी देणारी मुलगी नववीतली. तिचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकास ऐकू जावा लागतो. वर्गात उत्तर देताना याच वयाच्या मुली शेवटचा शब्द गिळून टाकतात, हे कोणत्याही शिक्षकास ठाऊक आहे. येथे मात्र शेवटचा शब्द स्पष्ट येतो, कारण तो सहा मुलींच्या वतीने उच्चारलेला असतो.

कोकणातील मुलीला जबाबदारी नवीन नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. महाराष्ट्रातील कोणत्याही जिल्ह्याहून हे प्रमाण अधिक, आणि त्याचे कारण सर्वश्रुत आहे: घरचा कर्ता पुरुष मुंबईस चाकरमानी, आणि गावचे घर आई व आजी यांच्या खांद्यावर. अशा घरातली बारा वर्षांची मुलगी पाणी भरते, धाकट्या भावाला सांभाळते, गुरांना वैरण टाकते. पण त्या घरातील एकाही गोष्टीचा निर्णय तिच्याकडे नसतो. तिच्या वाट्याला काम येते, मुखत्यारी येत नाही. श्रमांची सवय असलेली हीच मुलगी चार परक्या माणसांसमोर मान खाली घालते, याचे मूळ मला या विषमतेत दिसते. आणि गाईडचे पथक तिला जे देते, ते नेमके हे दुसरे अंग होय.

ते कसे दिले जाते, हे पाहण्यासाठी एका तिकाटण्याची रचना पुरेशी आहे. चिव्याच्या तीन सारख्या काठ्या जमिनीवर शेजारी शेजारी ठेवायच्या; कडेच्या काठीस दोरीची फासगाठ मारून आरंभ करायचा; मग दोरी एका काठीच्या वरून, दुसरीच्या खालून, तिसरीच्या वरून अशी विणीत सहा-सात वेढे द्यायचे; त्यानंतर काठ्यांच्या मधल्या फटींतून आडवे वेढे घालून ती वीण आवळायची, आणि शेवटी पुन्हा फासगाठ. वेढे फार आवळले तर पाय फाकत नाहीत. सैल राहिले तर तिकाटणे उभे करताक्षणी कोसळते. मी पाहत होतो त्या दिवशी हे काम सहावीतल्या, पथकात नव्यानेच आलेल्या एका मुलीकडे होते. तिकाटणे पहिल्यांदा कोसळले. दुसऱ्यांदा तिने दोरी इतकी आवळली, की पाय हलेनात, आणि तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. माडाखाली उभ्या असलेल्या बाई हे सर्व पाहत होत्या, पण जागच्या हलल्या नाहीत. शेजारी उकिडव्या बसलेल्या संघनायिकेनेही दोरी तिच्या हातातून घेतली नाही. “वेढे मोज, आणि दर वेढ्याला एकदा काठी हलवून बघ,” एवढेच ती म्हणाली. तिसऱ्या खेपेस तिकाटणे उभे राहिले, त्यावर पाण्याने भरलेली बादली टांगली गेली, आणि ती बादली खाली आली नाही.

त्या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि त्याची गरजही नव्हती. शाबासकी देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते; बादली कोणाची मर्जी पाहत नाही. दोरीचे दुसरे टोक आपल्या हाती आले, तर मुलगी पुन्हा आपल्याच तोंडाकडे पाहू लागेल, हे त्या बाईंना पुरते ठाऊक होते, आणि पथक चालवणाऱ्या प्रौढ स्त्रीचे सर्वांत कठीण काम, माझ्या मते, हे हात आवरून उभे राहणेच आहे. गळ्यातील स्कार्फचेही तसेच. तो सोडून उलगडला, की त्रिकोणी पट्टी होते, आणि मोडलेला हात त्या झोळीत विसावतो. गाठ मात्र रीफ नॉटच हवी, कारण ती सपाट बसते, मानेस टोचत नाही आणि ताण आला तरी सरकत नाही. दोन टोके उलट क्रमाने आली, तर तीच गाठ घसरते. चूक कोणी दाखवून द्यावी लागत नाही. ती झोळीच दाखवते.

महाराष्ट्रातील शाळांतून ‘खरी कमाई’ या नावाचा जो उपक्रम होतो, त्यात ही मुखत्यारी पैशापर्यंत पोहोचते. मुलींनी स्वतः पदार्थ करावयाचे, शाळेच्या आवारात मांडावयाचे, पालकांनी ते विकत घ्यावयाचे, आणि जमाखर्च मुलींनीच ठेवावयाचा, असा त्याचा शिरस्ता. तांदळाचे पीठ किती, नारळ किती, आगळ कोणाच्या घरचे, याचा तपशील एका वहीत उतरतो. घावन बिडाच्या तव्यावर पहिल्यांदा चिकटते तेव्हा गडबड होते खरी, पण त्याहून बिकट प्रसंग सायंकाळी येतो, जेव्हा गल्ल्यातील रक्कम आणि वहीतील रक्कम जुळत नाही. एका संघात अशी तूट आली. ती लहान होती, बाईंनी पदरची भरली असती तर मामला तेथेच मिटला असता. त्यांनी तो मानसभेकडे, म्हणजे संघनायिकांच्या स्वतःच्या बैठकीकडे, सोपवला. कोणी कोणास चोर म्हटले नाही. विक्री कोणी कोणत्या वेळी सांभाळली याची उजळणी झाली, आणि सुटे पैसे परत देताना एका गिऱ्हाईकास जास्त गेले असावेत, असा निष्कर्ष निघाला. वहीत तूट तूट म्हणूनच लिहिली गेली. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींनी आपल्यापैकी एकीची लाज राखून सत्य नोंदवले, हे पाहताना माझे मन भरून आले.

या चळवळीचा उगमही मुलींच्या स्वतःच्या आग्रहातून झाला आहे. सप्टेंबर १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील बालवीरांच्या मेळाव्यास काही मुली, कोणी बोलावले नसताना, स्वतःच जमवलेल्या गणवेषात येऊन उभ्या राहिल्या, आणि पुढच्या वर्षी मुलींची स्वतंत्र संघटना उभी राहिली. हिंदुस्थानातील पहिले पथक १९११ साली जबलपुरात निघाले. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था अस्तित्वात आली, व १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईड्स तीत सामील झाल्या. जगातील गाईड्सच्या पाच विश्वकेंद्रांपैकी ‘संगम’ हे केंद्र १९६६ पासून आपल्या पुण्यात आहे, ही गोष्ट रत्नागिरीच्या मुलींना सांगितली, तर त्यांच्या चेहऱ्यावर अविश्वास उमटतो.

कोकणास मात्र या कामाची दुसरी, अधिक घरची परंपरा आहे. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखांतून आणि कलापथकांतून मुली मुलांच्या बरोबरीने कवायत करू लागल्या, गाऊ लागल्या, गावोगाव हिंडू लागल्या, आणि ज्यांच्या शब्दावर विसंबून कित्येक घरांनी आपल्या लेकी तेथे धाडल्या, ते साने गुरुजी याच जिल्ह्यातील पालगडचे. मृणाल गोरे, प्रमिला दंडवते या स्त्रिया त्या मुशीतून आल्या. पुढे हजारोंच्या सभेत उभे राहण्याचे जे धैर्य त्यांच्या अंगी दिसले, त्याची तालीम समवयस्कांच्या लहान मंडळात आधी झाली होती. रत्नागिरी शहरात १९३१ साली सर्व जातींना खुले असलेले पतितपावन मंदिर उभे राहिले, त्या काळी एका पंक्तीस बसण्यासाठी चळवळ करावी लागत होती. आज त्याच शहरात गाईडच्या शिबिरात मोहल्ल्यातली, भंडारवाड्यातली आणि बौद्धवाडीतली मुलगी एका पातेल्यातला भात वाढून घेते, आणि मीठ कमी पडल्याबद्दल तिघी मिळून चौथीशी भांडतात.

शरीराविषयीचे प्रश्नही या वर्तुळातच सुटतात. पहिल्यांदा पाळी आलेली मुलगी निवासी शिबिरात घाबरून बसते, तेव्हा तिच्याजवळ प्रथम जाते ती उपसंघनायिका, जी दोनच वर्षांपूर्वी त्याच भीतीतून गेलेली असते. पॅड कोठे ठेवले आहेत, काय करायचे, कवायतीस आले नाही तरी चालते, हे ती ताई म्हणून सांगते, आणि ते पटते. शासनानेही जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू करताना गावातील किशोरवयीनांमधूनच दोन मुली व दोन मुलगे निवडून त्यांच्यामार्फत आरोग्याची माहिती पोहोचविण्याची योजना केली, ती याच अनुभवाच्या आधारावर उभी आहे.

परंतु हे सर्व बहुतेक ठिकाणी एका शिक्षिकेच्या उत्साहावर चालते. तिची बदली झाली, किंवा ती निवृत्त झाली, की स्कार्फ कपाटात जातात आणि दोन वर्षांत पथक नामशेष होते. मुलींच्या बाजूने पाहिले, तर नववी संपताच शिकवण्या सुरू होतात, आणि जिला संघ चालविता येऊ लागला आहे, तीच मुलगी निघून जाते. शिबिरास एक रात्र बाहेर राहण्याची परवानगी मुंबईतल्या वडिलांकडून फोनवर मिळवावी लागते, आणि ती मिळविण्याचे काम बहुधा आजी करते, हेही नमूद केले पाहिजे. प्रत्येक पथकास एकीऐवजी दोन शिक्षिका नेमाव्यात, आणि दहावीच्या मुलींना महिन्यातून एक शनिवार, धाकट्यांना शिकविण्यापुरता, मोकळा द्यावा. यासाठी मंत्रालयातून हुकूम सुटावा लागत नाही, मुख्याध्यापकांना आपल्या वेळापत्रकात ते येत्या जूनपासून करता येण्यासारखे आहे.