अंगावरचं दूध पुरत नाही?

"दूधच येत नाही" ही तक्रार बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत हमखास ऐकू येते. तेव्हा येतो तो घट्ट, पिवळसर चीक. तो थोडाच असतो, पण बाळाचं पोटही तेवढंच असतं. भरपूर पान्हा साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी फुटतो. मध, गुटी चाटवू नये. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं.

पाजताना होणाऱ्या बहुतेक दुखण्याचं मूळ बाळाच्या पकडीत असतं. बाळाने नुसतं बोंड ओढलं की चिरा पडतात. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, ही खरी पकड. स्तन दगडासारखे झाले तर हाताने थोडं दूध काढून मग पाजावं. ताप आला किंवा लाल गाठ दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पाजणं थांबवू नये.

कळवा-कल्याण-डोंबिवली परिसरात राहत असाल, तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, ही पालिकेची रुग्णालयं जवळच आहेत. वस्तीत आशाताई असतील तर त्यांच्या गृहभेटीत पाजून दाखवावं.

लोकल पकडून मुंबईला नोकरीवर जाणाऱ्यांसाठी प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा दिली आहे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघरही बंधनकारक आहे.

पाचव्या दिवसानंतर बाळ चोवीस तासांत निदान सहा वेळा शू करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय.