दहावी होऊ दे, मग जाऊ!

मुंबईत ट्रॅक नाही, देशात रेस नाही, दारात गाडी नाही. तरीही आपल्या उपनगरांत फॉर्म्युला वनचे वेडे आहेत. त्यातल्याच एकीची ही गोष्ट.

रविवारी संध्याकाळी साडेसहाला तुम्ही काय करता? मॉल, पिक्चर, की सोमवारच्या धसक्याने नुसतंच लोळणं? मी टीव्हीसमोर मांडी ठोकून बसते. उन्हाळ्यात युरोपातली रेस असली की आपल्याकडे साधारण हीच वेळ. फोन सायलेंट, खोलीचं दार बंद आणि आईला सक्त ताकीद: पहिला कॉर्नर होईपर्यंत चहासुद्धा विचारायचा नाही.

कुणाला हे सांगितलं की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, ‘तुला गाडी चालवता येते?’ येते. लायसन्सही आहे. पण बोरिवलीच्या आमच्या सोसायटीत पार्किंगची मारामार, म्हणून गाडीच नाही. दुसरा प्रश्न खास मुलांकडून, ‘बरं, अंडरकट म्हणजे काय सांग?’ क्रिकेट बघणाऱ्या मुलाला कुणी एलबीडब्ल्यूचा नियम विचारत नाही. माझी मात्र दरवेळी तोंडी परीक्षा!

सचिनची फेरारी

आमच्या घरात हे वेड आलं ते सचिनमुळे. त्याने २९ कसोटी शतकं करून ब्रॅडमनशी बरोबरी केली, आणि २००२ मध्ये सिल्व्हरस्टोनला खुद्द मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला फेरारी भेट मिळाली. पुढे त्या गाडीच्या कस्टम ड्युटीवरून पेपरांत केवढा गदारोळ! बाबांनी ठरवलं, आपल्या सचिनला गाडी देणारा हा शूमाकर कोण, ते बघायलाच हवं. त्यांनी रेस लावली आणि त्यांच्या शेजारी मी, वय वर्षं चार. मला फक्त एवढंच कळायचं की लाल गाडी आपली.

२००५ मध्ये नारायण कार्तिकेयन जॉर्डन टीमकडून उतरला. फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय! त्याच वर्षी इंडियानापोलिसला तो चौथा आला. खरं तर मिशेलिन टायर्सच्या भानगडीमुळे त्या रेसमध्ये सहाच गाड्या धावल्या होत्या. सहातला चौथा का असेना, बाबांनी दुसऱ्या दिवशी अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं.

रेस आली, रेस गेली

आणि मग रेस चक्क आपल्याकडे आली. ३० ऑक्टोबर २०११, ग्रेटर नोएडा, बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. सेबॅस्टियन वेटेल जिंकला आणि चेकर्ड फ्लॅग दाखवला सचिनने. लाल गाडीपासून सुरू झालेलं आमच्या घरातलं वर्तुळ पूर्ण! मी आठवीत होते. सगळ्यात स्वस्त तिकीट २,५०० रुपयांचं. दोन तिकिटं, दिल्लीचं जाणं-येणं, राहणं... बाबांनी हिशेब केला आणि म्हणाले, ‘पुढच्या वर्षी बघू.’ पुढच्या वर्षी आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. त्याच्या पुढच्या वर्षी माझी दहावी.

‘दहावी होऊ दे, मग जाऊ!’

२७ ऑक्टोबर २०१३. दिवाळीच्या आधीचा रविवार. आई स्वयंपाकघरात चकल्या तळत होती आणि माझ्या मांडीवर सायन्सचं गाईड उघडं होतं. टीव्हीवर वेटेलने सलग चौथं विजेतेपद नक्की केलं. नियम धाब्यावर बसवून त्याने मेन स्ट्रेटवर गाडी गरगर फिरवली, उतरला, गाडीपुढे वाकला, ग्लोव्ह्ज प्रेक्षकांत फेकले. हे सगळं आपल्या देशात चाललं होतं आणि मी बोरिवलीत गाईड धरून बसले होते.

माझी दहावी झाली. चांगले ८८ टक्के पडले. पण रेस गेली ती गेलीच. उत्तर प्रदेश सरकार म्हणत होतं, हा खेळ नाही, करमणूक आहे, तेव्हा करमणूक कर भरा. करांचा तिढा सुटला नाही. २०१४ च्या कॅलेंडरमध्ये भारताचं नाव नव्हतं, आणि नंतरही ते परत आलं नाही. रिझल्टच्या दिवशी बाबा पेढे घेऊन आले, तर मी त्यांच्याशी धड बोललेसुद्धा नाही. आज आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा वाटलं होतं, यांनी माझी रेस घालवली.

अंधेरीचा अंडरकट

‘गोल गोल फिरणाऱ्या गाड्यांत बघायचं काय?’ हा तिसरा ठरलेला प्रश्न. यावर माझ्याकडे उपनगरी उत्तर आहे.

समजा, आपण दोघं बोरिवलीहून चर्चगेट स्लोमध्ये बसलोय. मी अंधेरीला उतरून फास्ट पकडते. उतरण्या-चढण्यात माझी दोन-चार मिनिटं जातात, तुम्ही मला हसता. पण तुम्ही दादरला पोचता तेव्हा मी पुढे गेलेली असते. हाच अंडरकट! मागची गाडी आधी पिटमध्ये जाऊन टायर बदलते. गाडी थांबते जेमतेम अडीच सेकंद, पण पिटमध्ये शिरून बाहेर पडेपर्यंत वीसेक सेकंदांचा फटका बसतो. मात्र नवे टायर दर लॅपला वेळ वाचवतात, आणि पुढची गाडी स्वतःचे टायर बदलून बाहेर येते तोवर मागची पुढे निघून गेलेली असते. अर्थात, चुकीच्या वेळी उतरलात तर फास्ट लेट आणि स्लोही गेली. रोज लोकलचं गणित मांडणाऱ्या माणसाला हा खेळ कळणार नाही, असं होऊच शकत नाही.

२०२३ मध्ये आपल्या स्पोर्ट्स चॅनेल्सवरून रेस गायब झाली आणि २०२४ पासून फॅनकोड ॲपवर दिसू लागली. बाबांना ॲप लावून द्यायचं काम अर्थातच माझं.

बॅण्डस्टॅण्डवर

मार्च २०२३ मध्ये मात्र नवल घडलं. रेड बुलची गाडी घेऊन डेव्हिड कुल्टहार्ड वांद्र्याच्या बॅण्डस्टॅण्डवर आला. रेस नव्हे, नुसता शो. बाबा तेव्हा रिटायर झालेले, त्यांचेच गुडघे आता कुरकुरायला लागलेले. तरी रविवारच्या लोकलने आम्ही दोघं निघालो.

गाडी होती आरबी-७. म्हणजे वेटेलने २०११ मध्ये ज्या मॉडेलवर ग्रेटर नोएडाची पहिली रेस जिंकली, तेच. इंजिन २.४ लिटरचं व्ही-एट. या इंजिनांचं शेवटचं वर्ष २०१३. पुढच्या वर्षीपासून १.६ लिटरची टर्बो हायब्रिड व्ही-सिक्स इंजिनं आली आणि तो गगनभेदी आवाज खाली बसला. थोडक्यात, दहावीच्या वर्षी जो आवाज माझा हुकला, तोच दहा वर्षांनी वांद्र्यात समुद्राकाठी येणार होता.

आधी दुरून सूर आला. मग तो छातीत घुसला. बरगड्या थरथरल्या, गर्दी किंचाळली, क्षणात गाडी समोरून गेलीसुद्धा. शेजारी बघितलं तर बाबांनी दोन्ही हातांनी कान घट्ट दाबलेले आणि चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू.

परतीच्या गाडीत खार गेलं तरी ते गप्पच होते. मग म्हणाले, ‘तेव्हा जायला हवं होतं गं.’

इतकी वर्षं मला हेच तर ऐकायचं होतं. पण तोंडातून निघालं, ‘अहो बाबा, दहावी होती ना माझी!’

तुमच्याकडेही असेल एखादं ‘मग जाऊ’. अप्रेझल होऊ दे, ईएमआय संपू दे, प्रोजेक्ट लाइव्ह जाऊ दे. मी आता एवढंच शिकलेय की कॅलेंडर आपल्यासाठी थांबत नाही. सिंगापूरची रेस रात्री होते, दिव्यांच्या झगमगाटात. एका फ्रीलान्सरच्या खिशाला ती जड आहे, हे मान्य. पण गेल्या महिन्यात मी बाबांचा पासपोर्ट काढायला टाकला. फॉर्म भरताना ते म्हणाले, ‘अगं, पुढच्या वर्षी बघू की!’

मी त्यांच्या हातात पेन दिलं. सही करा म्हटलं.